पस्तीस

ओडम्स फेरीत आता फेरी नाही.
पूल झाला, नाव गेली;
गावाच्या नावात तेवढी उरली.

पुढे गाव जगलं ते एका पाटीवर.
पासष्टवरून एकदम पस्तीस.
पाटी पेकानच्या झाडाआड,
झाडाआड क्लोव्हिसची गाडी,
गाडीत क्लोव्हिस, मांडीवर उकडलेल्या शेंगा.
झाडाच्या फांद्या छाटायचा ठराव
तेवीस वर्षं दर बैठकीत पुढे ढकलला गेला.
इतिवृत्त मीच लिहीत होते.

मी अर्लीन. नगर कार्यालयाची कारकून,
मंगळवारी कोर्टाचीही.
काचेला अर्धगोल भोक आहे,
तेवीस वर्षं मी त्यातून आलेले हात पाहिले.
एकशे सत्त्याऐंशी डॉलर.
रात्रपाळीला उशीर झालेली नर्स.
कोंबड्यांच्या कारखान्यातला पोरगा, नोटा ओलसर.
एकदा तर अख्खं वऱ्हाड, नवरदेवासकट.
एकाने चेकवर कारणाच्या रेघेवर लिहिलं,
'तुमच्या नाताळासाठी.'
खोटं कशाला बोलू,
चौकातला तारा आम्ही त्याच पैशांतून लावला.

बंबाची चाकं, पाण्याचा पंप, शनिवारचं वाचनालय...
दुसऱ्यांच्या घाईवर
आमचं सावकाश चाललं होतं.

मग त्या गाड्या आल्या.
आधी एखादी, मग रांगच.
चाकामागे कुणी नाही. पाटीपाशी पस्तीस.
रात्री दोनला, रस्त्यात मांजरसुद्धा नसताना
पस्तीस.
क्लोव्हिसच्या यंत्रावर पस्तीस, पस्तीस, पस्तीस,
वर्गच्या वर्ग काठावर पास.
आणि आमची शाळा तर
नापासांच्या फीवर चालायची.

बैठकीत कुणीतरी म्हणालं, पंचवीस करा.
केलं. एकमताने.
सकाळी रंगारी शिडीवर होता,
दोन काढून झाला होता, पाच अजून डब्यातच,
तोवर खालून ट्रक गेला.
पंचवीसने.
त्याला रात्रीच कळलं होतं.
रंगाऱ्याने मला विचारलं, पाच काढू की नको?

जूनमध्ये महापौरबाईंनी 'घरपट्टी' हा शब्द उच्चारला.
चर्चमध्ये शिवी दिल्यासारखे सगळे गप्प.
मागच्या रांगेतून डेल्फीन आर्दवाँ उठली,
कालव्यापलीकडची, हद्दीच्या जेमतेम बाहेरची.
म्हणाली, तुमची पट्टी मी केव्हाची भरतेय.
पाच वेळा. हप्त्याने.
आणि दिवे तुमच्याच गल्लीत लागले.
कुणी तिच्याकडे पाहिलं नाही.
मी इतिवृत्तात लिहिलं: 'एका महिलेने मत मांडले.'
रात्री उठून परत गेले, कार्यालय उघडलं,
खोडून तिचं नाव घातलं.

वाचनालयाचा शनिवार गेला.
दुसऱ्या रस्त्यावरचे दिवे आता एकाआड एक.
एक मात्र सांगायला हवं,
वळणावरचा तो क्रॉस, प्लॅस्टिकच्या फुलांचा,
त्याच्या शेजारी तीन वर्षांत दुसरा उभा राहिला नाही.
हे जमाखर्चात कुठल्या बाजूला धरायचं
ते मला कुणी शिकवलेलं नाही.

काल दुपारी काचेच्या भोकातून
एक हात आत आला. नखांत शेंगांचं मीठ.
पावती त्याच्याच अक्षरात:
अठ्ठावन्न, पंचवीसच्या हद्दीत.
वाहनचालक: क्लोव्हिस टी. मूतों.
अधिकारी: तोच.

मी विचारलं, कसली एवढी घाई होती?
म्हणाला, घाई कसली.
यंत्र चालतंय का बघत होतो.

एकशे सत्त्याऐंशी, रोख. सुटे बरोबर.
मी शिक्का मारला. या महिन्यातला पहिला,
शाई वाळली होती, दोनदा मारावा लागला.
बाहेर एक रिकामी गाडी
पेकानपाशी हळू झाली,
क्लोव्हिसच्या रिकाम्या गाडीवरून पुढे गेली,
आणि आम्ही दोघं, का कोण जाणे,
ती पुलावर चढेपर्यंत बघत राहिलो.